एका दातासाठी हजार अधेल्या

एक सेंटची चारशे बारा, पाच सेंटची एकसष्ट, दहा सेंटची अठ्ठ्याऐंशी, पंचवीस सेंटची सदतीस, कॅनडाचं एक, गाडी धुण्याच्या यंत्रात टाकायचं पितळी टोकन एक आणि कोटाचं बटण एक. घरातल्या सगळ्या बरण्या, कोटांचे खिसे, गाडीतला ॲशट्रे आणि सोफ्याच्या गाद्यांखालचा मुलूख उपसून ऑरिन हॉगस्टॅडनं स्वयंपाकघराच्या टेबलावर ही मोजदाद मांडली होती. अर्ध्या डॉलरची नाणी, म्हणजे आपण त्यांना अधेल्या म्हणू, शून्य.

त्यानं पुन्हा एकदा मोजलं. पेशानं रसायनतज्ज्ञ असल्यामुळे पहिल्या खेपेच्या शून्यावर त्याचा विश्वास नसे.

हा सगळा खटाटोप होता ब्रिटाच्या खालच्या जबड्यातल्या पुढच्या दातासाठी. ब्रिटा सहा वर्षांची, एकुलती एक, आणि दुर्दैवानं बापावर गेलेली. दात हलायला लागला की इतर मुली आरशापुढे नाचतात. ब्रिटानं जेवताना जाहीर केलं, "माझ्या वर्गातली मेरिबेथ म्हणते दातांची परी वगैरे काही नसते. आईबाबाच रात्री उशीखाली पैसे ठेवतात आणि दात काढून घेतात."

"तुला काय वाटतं?" ऑरिननं सावधपणे विचारलं.

"मला काहीच वाटत नाही. मी बघणार आहे." तिनं बटाट्याचा लगदा गिळला. "आजी म्हणते, आपल्या घरात परी नेहमी अधेलीच ठेवते. नोट कधीच नाही. आणि ग्रिम्सरूड काका म्हणाले, किती वर्षं झाली, दुकानात अधेली आलीच नाही, आता गावात कुणाला मागून मिळायची नाही. म्हणजे उशीखाली नोट निघाली तर तुम्ही. अधेली निघाली तर परी. बरोबर ना, बाबा?"

ऑरिनला एकाच वेळी अभिमानही वाटला आणि घामही फुटला. प्रयोगाची मांडणी निर्दोष होती. तो इतकंच म्हणाला, "बरोबर आहे."

परीच्या अस्तित्वाबद्दल त्याला स्वतःला काही शंका नव्हती. ती नव्हतीच. पण सहाव्या वर्षी, पहिल्याच प्रयोगात, पहिल्याच दाताला मुलीच्या हाती नकारात्मक निष्कर्ष यावा हे त्याला पटेना. माणसाला आयुष्यात नकारात्मक निष्कर्ष काढायला पुढे भरपूर वेळ असतो. परीला निदान दुधाचे दात संपेपर्यंत टिकवायचं असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि त्यासाठी लागणार होती फक्त एक अधेली.

लेक ऑस्बीसारख्या गावात एक नाणं मिळवणं म्हणजे काय मोठी गोष्ट, असं त्याला वाटलं. आणि खरोखरच अधेली गावात प्रत्येकाकडे होती. फक्त ती कुणी देत नव्हतं. न्हावी म्हणाला, "आहे ना! वडिलांनी दिलेली. घड्याळाच्या डबीत ठेवलीय." चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे चार आहेत, चार नातवंडांसाठी." ऑरिननं पाचव्या नातवंडाची शक्यता विचारली, तर त्या रागावल्या. ग्रिम्सरूडनं तर गल्ला उघडून दाखवला. गल्ल्यात नाण्यांसाठी पाच खण. चारांत चार तऱ्हेची नाणी आणि पाचव्यात, जिथं एके काळी अधेल्या असायच्या, तिथं रबरबँड, टाचण्या आणि कसली तरी किल्ली. "माझ्या घरी बरणीभर आहेत," ग्रिम्सरूड आवाज खाली आणून म्हणाला, "पण त्या काय खर्चायच्या असतात का, ऑरिन?"

थोडक्यात, हे असं चलन होतं की जे हाती पडताच प्रत्येकाला वाटे, हे आता दुर्मीळ झालं, जपून ठेवावं. आणि प्रत्येकानं जपून ठेवल्यामुळे ते दुर्मीळ झालं होतं.

"शेजारी प्रॉप्स्टकडे माग की," त्याची बायको कॉरिन म्हणाली. "नाण्यांचे सतरा अल्बम आहेत त्याच्याकडे."

"त्या माणसाकडे मी मागणार नाही."

यामागचं कारण सांगायला हवं. लीलंड प्रॉप्स्ट हे निवृत्त औषधविक्रेते, कुंपणापलीकडे राहायचे. मागल्या वर्षी त्यांनी गावच्या साप्ताहिकात पत्र छापून आणलं होतं की, नळाच्या पाण्याला पोहण्याच्या तलावाची चव येते. गावाच्या पाण्यातलं क्लोरीन रोज सकाळी मोजणारा माणूस ऑरिन होता. त्यानं उत्तरादाखल तीन महिन्यांचे आकडे छापायला पाठवले. संपादकानं ते छापले नाहीत, जागा नाही म्हणाला. त्याच अंकात कुणाच्या तरी भोपळ्याचा फोटो अर्धं पान होता. तेव्हापासून ऑरिन आणि प्रॉप्स्ट एकमेकांना फक्त बर्फ उपसताना, मान हलवून भेटत.

म्हणून ऑरिन बँकेत गेला.

"मला एक अधेली हवी आहे," तो काउंटरवरच्या डोरीनला म्हणाला.

"अय्या! किती वर्षांनी कुणी मागितली," डोरीन म्हणाली. "आमच्याकडे नाही. मागवावी लागेल. हा अर्ज भर. कशाला हवीय?"

"खासगी काम आहे."

"खासगी!" डोरीननं भुवई चढवली आणि पलीकडच्या खिडकीतल्या बाईकडे पाहिलं.

ऑरिननं अर्ज भरला. नाव, खाते क्रमांक, नाण्याचा प्रकार. 'संख्या' या रकान्यात त्यानं स्वच्छ अक्षरात '१' लिहिलं आणि खाली सही केली. इथं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आकड्यापुढे एकक न लिहिणाऱ्या उमेदवारांना ऑरिन पाणीपुरवठा केंद्रात जे सुनावायचा, ते ऐकून एक पोरगा रसायनशास्त्र सोडून मिनियापोलिसला बुटांच्या दुकानात लागला होता.

पुढच्या आठवड्यात बँकेनं त्याला बोलावलं. काउंटरवर जाड पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. आकारानं विटेएवढं, वजनानं पंचवीस पौंड.

"हे काय?"

"एक," डोरीन म्हणाली. "एक खोकं. नाणी खोक्यानंच येतात ना. हजार नग. पाचशे डॉलर तुझ्या खात्यातून वळते केलेत."

ऑरिननं अर्ज मागून पाहिला. सही त्याचीच होती. एकक कुठंच नव्हतं.

"परत घ्या."

"परत कसं घेणार? ठेवायला जागा नाही. वीस-वीस नाण्यांच्या गुंडाळ्या करून आण, दिवसाला दोन घेईन. प्रत्येक गुंडाळीवर नाव आणि खाते क्रमांक हवा." मग ती आईच्या मायेनं म्हणाली, "उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव तुझ्या त्या खासगी कामात नाही का खपणार?"

घरी कॉरिन इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. हसणं संपल्यावर ती म्हणाली, "ऑरिन, ते पाचशे डॉलर भांडी धुण्याच्या यंत्राचे होते." आणि मग हसली नाही.

आठवड्याला दहा गुंडाळ्या घेऊन डोरीनसमोर जाणं ऑरिनच्या मानी स्वभावाला शक्य नव्हतं. त्यानं ठरवलं, ही नाणी आहेत, सरकारी आहेत, खर्चून टाकू. पगाराचे पैसे खात्यात राहतील, अधेल्या बाजारात जातील, महिन्या-दोन महिन्यांत यंत्र येईल. शिवाय गावातून लुप्त झालेलं चलन पुन्हा प्रचारात आणण्याचं पुण्य. एक अधेली त्यानं पाकिटात घालून मोज्यांच्या खणात लपवली आणि उरलेल्यांसह तो जगात उतरला.

ग्रिम्सरूडच्या दुकानात गल्ल्यावरच्या पोरीनं अधेली उलटीपालटी करून पाहिली. "हे काय आहे?"

"अर्धा डॉलर."

"खेळण्यातलं?"

"मुली, हे नाणं मी जन्मलो तेव्हापासून आहे."

"म्हणजे खूपच जुनं," पोरगी म्हणाली आणि मालकाला हाक मारली. ग्रिम्सरूड धावत आला, नाणी पाहिली, स्वतःच्या खिशातून नोटा काढून गल्ल्यात टाकल्या आणि अधेल्या खिशात घातल्या. "बायकोला दाखवतो," तो म्हणाला. थंड पेयांच्या यंत्रानं अधेली तीनदा बाहेर फेकली आणि चौथ्यांदा गिळून काहीच दिलं नाही. कपडे धुण्याच्या दुकानात ती भोकातच जाईना. तिथल्या बाईंनी मात्र चार अधेल्या नोटा देऊन विकत घेतल्या. बाकी न्हावी, पेट्रोल पंप, वाचनालयाचा दंड, चर्चमधली दानाची थाळी, रविवारच्या वर्तमानपत्राचे पैसे, असं जिथं तिथं ऑरिन अधेल्या मोजून देऊ लागला.

आता लेक ऑस्बीत एखादा गृहस्थ एकाएकी चिल्लर मोजून सामान घ्यायला लागला, तर लोक काय समजणार? पहिल्या आठवड्यातच दारात एक हॉटडिश आलं. हॉटडिश म्हणजे खिमा, मश्रूमचं डब्यातलं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या घालून भाजलेला तो थर, जो या भागात कुणी गेलं किंवा कुणाची नोकरी गेली की काचेच्या भांड्यातून येतो. दुसऱ्या दिवशी दोन आली.

"आम्हाला काही झालेलं नाही," ऑरिन ऑर्गनवाल्या बाईंना म्हणाला.

"नाही रे राजा, कुणाला काही होत नसतं," त्या त्याच्या दंडावर थोपटत म्हणाल्या. "भांडं सावकाश दे. पोरीचं बचतीचं डुक्कर फोडायची वेळ आली तेव्हाच आम्हाला सांगायचं होतंस."

पास्टर येऊन गेले. त्यांनी ब्रिटा शाळेत असताना कॉरिननं टेबलावर नीट रचलेल्या अधेल्यांच्या चळती पाहिल्या, डोळे मिटले आणि काहीच न विचारता कॉफी प्यायले. ऑरिनच्या वरिष्ठांनी त्याला बाजूला घेऊन जादा तासांचं काम हवं आहे का, असं विचारलं. "नको," म्हणाला तर ते म्हणाले, "स्वाभिमानी आहेस. मला आवडलं." ऑरिननं एवढा अपमान प्रॉप्स्टच्या पत्रानंतर पहिल्यांदाच सोसला. कॉरिनचं मत वेगळं होतं. महिनाभर तिला रात्रीचा स्वयंपाक करावा लागला नाही आणि भांडी तर शेजारणींचीच होती, ती ऑरिन घासून परत करायचा.

कॉरिनची आई, व्हर्ना आजी, याच सुमारास डुलुथहून आठवडाभर राहायला आली. तिनं मोज्यांना रफू केलं, जावयाच्या कमाईबद्दल कुणी विचारलं तर उसासा सोडला आणि परत गेली.

आणि मग एका संध्याकाळी ब्रिटानं टेबलावर एक अधेली ठेवली.

"आइस्क्रीमवाल्यानं सुट्टे म्हणून दिली," ती म्हणाली. "मेरिबेथकडे दोन आहेत. पंपावर पण आहेत. बाबा, प्रयोग बिघडला."

ऑरिनचा घास हातातच राहिला.

"आता उशीखाली अधेली निघाली तरी काही कळणार नाही," ब्रिटा शांतपणे म्हणाली. "आता ती कुणालाही मिळू शकते. तुम्हाला पण."

"मला?" ऑरिन म्हणाला. "मला कुठून मिळणार?"

कॉरिनला एकाएकी खोकला झाला.

आपल्या हातानं आपल्या मुलीच्या प्रयोगात आपणच भेसळ केली, ही जाणीव वैज्ञानिक माणसाला काय यातना देते ते इतरांना कळणार नाही. उरलेल्या अधेल्या त्यानं जागच्या जागी थांबवल्या. जेमतेम आठ गुंडाळ्या शिल्लक होत्या. त्या रोज दोन या मापानं मान खाली घालून डोरीनकडे पोचवल्या. आणि दुसरीकडे दात पडणं लांबवायची मोहीम सुरू केली. सफरचंद बंद. पाव बंद. गाजर तर घरात आणायचंच नाही. ब्रिटाला सूप, पुडिंग आणि सफरचंदाचा मोरावळ्यासारखा शिजवलेला गर, एवढंच मिळू लागलं.

"पोर आजारी आहे का?" शेजारणी विचारायच्या. हॉटडिशं वाढली, मऊ आली.

पण अधेल्यांनी स्वतःच त्याला वाचवलं. कुणी काही न करता त्या नाहीशा होऊ लागल्या. उघड्या बादलीतलं क्लोरीन जसं उडून जातं तशा. ग्रिम्सरूडकडे आलेली अधेली ग्रिम्सरूडच्या बरणीत गेली. पंपावरची पंपवाल्याच्या मुलाच्या लग्नाच्या पेटीत. चर्चच्या थाळीतल्या अधेल्या तर चर्चच्या खजिनदारांनी नोटा टाकून स्वतःच उचलल्या, नातवंडांसाठी. ब्रिटा दर शनिवारी आईबरोबर दुकानं फिरून विचारायची, "अधेली आहे का?" आधी लोक हो म्हणायचे. मग म्हणायला लागले, "होत्या गं, परवापर्यंत होत्या." शेवटी ग्रिम्सरूड तिला गल्ला उघडून दाखवत म्हणाला, "बघ बाळ, रबरबँड. ती नाणी आता कुठं मिळायची!"

त्या रात्री जेवताना ब्रिटा म्हणाली, "आता परत कुणाकडेच नाहीत. प्रयोग चालू करू या." ऑरिननं स्वतः उठून तिच्या पानात गाजर वाढलं.

दात पडला तो चर्चच्या आवारातल्या मक्याच्या जेवणात, लोणी चोपडलेल्या कणसात रुतून. ब्रिटानं कणसातून तो काढला, धुतला आणि रुमालात बांधला. ऑरिन आनंदानं घरी आला, मोज्यांचा खण उघडला, आणि पाकीट रिकामं होतं. मोजे मात्र सुरेख रफू केलेले होते.

त्यानं डुलुथला फोन लावला.

"ते नाणं? आहे ना माझ्याकडे," व्हर्ना आजी प्रेमानं म्हणाली. "मोज्यांच्या खणात लोळत होतं. म्हटलं, तुम्ही दोघं उधळे, कुणाला तरी देऊन टाकाल. ब्रिटाच्या लग्नात देईन."

"आई, ते आज हवंय. तिचा दात पडलाय."

"अगबाई! मग उद्या पोस्टानं पाठवते."

फोन ठेवून ऑरिन खिडकीशी उभा राहिला. खिडकीतून कुंपण दिसत होतं आणि कुंपणापलीकडे प्रॉप्स्ट आपल्या टोमॅटोंना पाणी घालत होते.

"जा," कॉरिन म्हणाली.

"कॉरिन, त्या माणसानं छापून आणलं होतं..."

"पोहण्याचा तलाव. मला पाठ आहे. जा."

ऑरिन गेला. प्रॉप्स्टनी नळ बंद केला नाही. ऑरिननं काय हवं ते सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. प्रॉप्स्टनी पाण्याची नळी पुढच्या टोमॅटोकडे वळवली.

"हॉगस्टॅड, तू चाळीसच्या वर गुंडाळ्या फोडल्यास," ते शेवटी म्हणाले. "एका तरी नाण्याची कड पाहिलीस?"

"कड?"

"कड!" प्रॉप्स्टचा आवाज फुटला. "चौसष्ट सालापर्यंतच्या अधेल्या चांदीच्या असतात. कड पांढरीशुभ्र. हातात घेतली की जड लागते. नंतरच्यांच्या कडेला तांब्याची रेघ. लोक बँकांतून खोकी मागवतात ती याच्यासाठी, रात्र रात्र कडा बघत बसतात. आणि तू शेकडो नाणी आंधळ्यासारखी पेट्रोलात घातलीस! मला झोप नव्हती लागत. मी तुझ्या मागून फिरत होतो, ठाऊक आहे? पंप, न्हावी, दुकान, सगळीकडे."

"मिळालं काही?"

"एक नाही," प्रॉप्स्ट म्हणाले. मग ते आत गेले. बाहेर आले ते हातात पाण्याचा पेला घेऊन.

"नळाचं आहे," ते म्हणाले. "पी. आणि छातीवर हात ठेवून सांग."

ऑरिननं पेला घेतला. त्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः मोजलेला आकडा त्याला पाठ होता आणि तो नियमात चोख बसत होता. त्यानं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा एक घेतला. कुंपणापलीकडे वरच्या खिडकीत ब्रिटा उशी झटकत होती.

"येते," तो म्हणाला.

"काय येते?"

"चव. किंचित. उन्हाळ्यात."

"पोहण्याच्या तलावाची?"

"मोठ्या तलावाची," ऑरिन म्हणाला. "आणि फार कमी लोक पोहत असतील तर."

प्रॉप्स्टच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्यांच्या सतरा अल्बमांनी मिळून त्यांना कधी दिलं नसेल. ते आत गेले आणि तलम कागदात गुंडाळलेलं, जरा जडच एक नाणं आणून त्यांनी ऑरिनच्या तळहातावर ठेवलं. ऑरिननं खिशात हात घातला तर म्हणाले, "ठेव ते पैसे. परीकडून कुणी पैसे घेतं का? आणि कागदासकट पकड, बोटाचे ठसे नकोत." मग नळ बंद करत म्हणाले, "पुढचा दात कधी?"

सकाळी ब्रिटा पायऱ्या उतरून आली ती मूठ घट्ट मिटून. कॉरिन पावाचं पीठ मळत होती. ऑरिन वर्तमानपत्राच्या आड होता, ते उलटं नव्हतं याची त्यानं दोनदा खात्री केली होती.

"अधेली आहे," ब्रिटा म्हणाली.

"अरे वा," वर्तमानपत्र म्हणालं.

"पण कदाचित बँकेतली असेल. कुणाच्या तरी घरात राहिलेली." तिनं बाकावर चढून कॉरिनचा पिठाचा तराजू पुढे ओढला. पाणीपुरवठा केंद्रानं बाद केलेला, पण ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत अजून प्रामाणिक असलेला. "बाबा, बँकेतल्या अधेलीचं वजन किती असतं?"

ऑरिननं वर्तमानपत्र खाली घेतलं. "पंचवीस सेंटची दोन नाणी घेतलीस तर जेवढं होईल, बरोबर तेवढं."

ब्रिटानं बरणीतून पंचवीस सेंटची दोन नाणी काढली आणि पारड्यात ठेवली. आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. पेन्सिलनं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलं: ११.३ ग्रॅम. नाणी उचलली, पारडं बाहीनं पुसलं, आणि उशीखालचं नाणं ठेवलं.

१२.५ ग्रॅम.